‘धुक्याचा वजनकाटा’ची शिफारस

४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मीटिंग. नव्या मॅडमना ग्रंथालयात येऊन महिना झाला नाही तोच कल्पना सुचू लागल्या. आधीच्या साहेबांना निवृत्त होईपर्यंत एकही सुचली नव्हती, त्यामुळे ग्रंथालय कसं शांत होतं.

कल्पना अशी : दाराजवळ एक नवं शेल्फ. नाव ‘आम्ही सुचवतो’. कर्मचारी आणि वाचक यांनी आपल्याला आवडलेलं पुस्तक किंवा सिनेमाची डिस्क तिथे ठेवायची. सोबत एका कार्डावर चार ओळी, का आवडलं.

म्हणजे ज्यांना फारसं कळत नाही त्यांनी ज्यांना काहीच कळत नाही त्यांना सल्ला द्यायचा.

मी संदर्भ विभागात. इथेच केस पांढरे झाले. माझ्याकडे लोक येतात ते बहुधा बाथरूम कुठे आहे हे विचारायला. मी हातानेच दाखवतो. अभिरुची म्हणजे काय हे या इमारतीत एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो कोपऱ्यात कोशांच्या मागे बसतो.

काउंटरवरच्या बाईंना मी मनातल्या मनात ‘हसरी’ म्हणतो. पुस्तक देताना हसतात, घेताना हसतात, फाटलेलं परत आलं तरी हसतात. त्यांनी मीटिंग संपायच्या आत कार्ड लिहूनही टाकलं. एक खुनाची कादंबरी. कारण : ‘वाचता वाचता माझा बसस्टॉप गेला. मग चालत आले. चालतानाही वाचत होते.’ ही यांची समीक्षा.

बाइंडर काकांनी कुत्र्याचा सिनेमा सुचवला. कारण : ‘दोनदा रडलो.’ मी विचारलं, तिसऱ्यांदा का नाही. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं की मध्ये फोन आला होता.

संकल्प : या लोकांची पातळी उंचावायची. उद्यापासून.

५ फेब्रुवारी, मंगळवार

कार्ड लिहिलं. चार ओळींत माझं काय होणार? तीन कार्डं टाचणीने जोडली.

पुस्तक : ‘धुक्याचा वजनकाटा’. अनुवादित. विटेएवढं. एका बंदरातल्या वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाची कहाणी. लिहिलं : ‘मानवी अस्तित्वाच्या असह्य ओझ्याचं इतकं काळंकुट्ट, इतकं निर्दय चित्रण अन्यत्र नाही. हे पुस्तक माणसाला बदलून टाकतं. सामान्य वाचकाने याला हात लावू नये.’

बायकोने विचारलं, तुमचं वाचून झालं का ते? मी सांगितलं, असली पुस्तकं वाचून होत नसतात, त्यांच्यात प्रवेश करायचा असतो. ती म्हणाली, तुम्ही प्रवेश केलात तेव्हा आपली मुलगी बालवाडीत होती, आता तिच्या लग्नालाही बरेच दिवस झाले. मग लोकरीचा गुंडा घेऊन आत गेली.

एकसष्टाव्या पानापर्यंत पोचलोय. शिवाय अनुवादकाची प्रस्तावना दोनदा वाचलीय, आणि सगळं मर्म प्रस्तावनेतच असतं. तरी संकल्प : रोज पन्नास पानं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पन्नास पानं झाली नाहीत. शेल्फ लावायची गडबड. धुळीने डोळे चुरचुरत होते.

दुपारी शेल्फ खुलं झालं. खुनाची कादंबरी दहा मिनिटांत गेली. कुत्र्याचा सिनेमाही गेला. बागकामावरचं एक पुस्तक (वाचकाचं कार्ड : ‘चित्रं मोठी आहेत’) दोघांनी एकाच वेळी धरलं आणि भांडण होता होता राहिलं.

‘धुक्याचा वजनकाटा’ दिसेना. मी हसरीला विचारलं, कोणी नेलं का. त्या म्हणाल्या, नाही हो सर, शेल्फ एका बाजूला कलत होतं ना, म्हणून तात्पुरतं खाली घातलंय. छान बसलंय.

वाकून पाहिलं. छान बसलं होतं. त्यावर बागकाम, प्रवासवर्णनं, सुखी संसाराचे कानमंत्र, सगळं तोलून धरलेलं.

लेखी तक्रार करणार होतो. मग वाटलं, यातही एक प्रतीक आहे. तरी पुस्तक काढून वर ठेवलं. शेल्फ कललं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कौतुक करणार याची खात्री होती, म्हणून आधी केस विंचरले.

म्हणाल्या, कार्ड थोडं लहान करता येईल का. आणि ते ‘सामान्य वाचकाने हात लावू नये’ काढता येईल का. मी म्हटलं, ती वाचकाच्या हिताची सूचना आहे. त्या म्हणाल्या, सर, आतापर्यंत सगळ्यांनी ती पाळलीय.

त्यांना विनोदबुद्धी नाही हे लक्षात आलं.

पण खरी बातमी पुढे आहे. वरच्या मजल्यावरची मोठ्या खिडकीची खोली रिकामी करताहेत. तिथे वाचकांसाठी सल्ला कक्ष होणार. काय वाचावं, काय पाहावं, हे विचारायला लोक तिथे येतील. एका कर्मचाऱ्याची तिथे कायमची नेमणूक. मॅडम म्हणाल्या, ज्याच्याकडे लोक आपणहून विचारायला येतील त्यालाच देईन.

माझंच नाव त्यांच्या मनात आहे. सरळ कसं सांगणार, बाकीचे दुखावतील.

दारावरची पाटी : ‘साहित्य-सल्लागार’ की ‘अभिरुची-मार्गदर्शक’? दुसरं जास्त भारदस्त. बायकोला विचारलं. ती म्हणाली, आधी खोली मिळू दे. हिची भरारी तेवढीच. वर्षानुवर्षं साप्ताहिकातल्या प्रेमकथा वाचत होती. मी तिला त्यांचा दर्जा समजावून सांगितल्यावर तिने माझ्यासमोर वाचणं सोडलं. याला म्हणतात संस्कार.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज सिनेमाची संध्याकाळ. मॅडमची आणखी एक कल्पना. दर महिन्याला एकाने सुचवलेला सिनेमा वाचनकक्षात दाखवायचा. पहिला मान मी मागून घेतला.

सिनेमा थोर. एक माणूस पाठीवर दार घेऊन मिठाच्या वाळवंटातून चालतो. तीन तास. संवाद जवळपास नाहीत. मी कॉलेजात असताना पाहिला होता. पूर्ण नाही, मित्राला कंटाळा आला म्हणून उठावं लागलं.

चाळीसेक लोक आले. कुत्र्याच्या सिनेमाची हवा अजून आहे, त्यामुळे फसून आले असावेत. एका आजींनी विचारलं, यात प्राणी कोणता आहे.

मी प्रास्ताविक केलं. थोडक्यात करणार होतो, पण ‘दार म्हणजे काय’ इथपर्यंत आल्यावर लक्षात आलं की आधी ‘मीठ म्हणजे काय’ हे सांगायला हवं. बोलता बोलता समोर पाहिलं तर खुर्च्या अधिक दिसू लागल्या. मी थांबलो नाही.

दिवे घालवून सिनेमा लावला तेव्हा वॉचमन आत आला. म्हणाला, ग्रंथालय बंद करायची वेळ झाली. त्या माणसाने जेमतेम दार उचललं होतं.

अपयश म्हणता येणार नाही. सिनेमाचा आत्मा प्रास्ताविकातून पोचला. शेवटपर्यंत दोघं बसून होते. त्यातला एक वॉचमन, हे मान्य. दुसऱ्या बाईंची छत्री खुर्चीच्या मागे पडली होती, ती त्या शोधत होत्या.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

गेलं. पुस्तक गेलं.

सकाळी एक उंच बाई आल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, चौकात दवाखाना आहे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात, त्यामुळे मी ओठ मिटून बोलत होतो.

त्यांच्या यजमानांच्या डोळ्याचा पडदा सुटला होता, ऑपरेशन झालंय. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला टेकून राहावा म्हणून काही दिवस सतत पालथं पडून राहायचं. जेवण सोडून मान वर करायची नाही. गृहस्थ पूर्वी फुटबॉलचे रेफ्री होते. आयुष्यभर धावलेला माणूस, आता उशीत तोंड घालून सगळ्या घराला शिव्या घालतो. म्हणून त्या त्याला वाचून दाखवणार. पुस्तक लांबलचक हवं, कारण पुस्तक संपलं की तो पुन्हा सुरू होतो.

मग माझं कार्ड हातात धरून म्हणाल्या, इथे लिहिलंय की हे पुस्तक माणसाला बदलून टाकतं. आमच्याकडे बदलण्यासारखा एक माणूस आहे.

मी म्हटलं, पुस्तक गंभीर आहे, सामान्य वाचकाने… त्या म्हणाल्या, तो सामान्यच आहे, पण हलू शकत नाही.

मॅडम जिन्यावरून हे सगळं पाहत होत्या. मी आवाज थोडा वाढवला.

संकल्प : आता पूर्ण वाचून काढायचंच. पण ग्रंथालयात एकच प्रत आणि ती बाईंच्या पिशवीत. मी तयार होतो, पुस्तक तयार नव्हतं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरबाई परत आल्या. मी प्रतिक्रिया ऐकायच्या तयारीने चष्मा पुसून बसलो. म्हटलं, रडल्या असतील.

त्या म्हणाल्या, आमचे हे हसताहेत.

मी म्हटलं, कशाला?

पुस्तकाला. म्हणाल्या, पहिली साठेक पानं कंटाळवाणी होती, हे घोरायला लागले. त्यानंतर त्या बंदराच्या नगरपालिकेत न्यायाधीश मिळेना म्हणून बकरीला नेमतात. तिथपासून यांना हसू आवरेना. पोटावर झोपलेला माणूस हसला की सगळा पलंग हलतो. डोळ्याच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते माझ्यावर ओरडले की बुडबुडा हलेल, असलं काही वाचू नका. म्हणून विचारायला आले, पुढे एखादं शांत प्रकरण आहे का?

बकरी. माझ्या एकसष्ट पानांत बकरी नाही. प्रस्तावनेत तर नाहीच.

मी शांतपणे सांगितलं, बाई, तुम्ही ते चुकीचं वाचताय. बकरी हे काळाचं प्रतीक आहे. काळ जसा सगळं चरत जातो. हे प्रकरण खालच्या आवाजात, सावकाश, दोन वाक्यांमध्ये थांबत वाचा.

त्या माझ्या दातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ती बकरी खटल्याचे कागद खाते. मी म्हटलं, तेच ते.

सर्वसाधारण वाचकाला शोकांतिका पेलत नाही, मग तो हसतो. हे मानसशास्त्र आहे. कुठेतरी वाचलंय.

२७ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरबाई सांगून गेल्या की माझ्या सल्ल्याप्रमाणे वाचलं. खालच्या आवाजात, सावकाश, थांबत थांबत. त्याने फारच वाईट झालं. म्हणाल्या, आधी हे एकटे हसत होते, आता वाचताना मलाही आवरत नाही. शेजारचे लोक संध्याकाळी खुर्च्या घेऊन येतात. हे उशीत तोंड घालूनच ओरडतात, पुढे वाच, पुढे वाच.

हे समाजाचं चित्र. थोर लेखकाने रक्त आटवून लिहायचं आणि शेजाऱ्यांनी खुर्च्या घेऊन यायचं.

पण परिणाम झाला. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात येणारे लोक आता काउंटरवर ‘ते बकरीचं पुस्तक’ मागतात. हसरीने नावं लिहून घ्यायला सुरुवात केलीय. मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, सर, ९ मार्चला तुम्ही या पुस्तकावर बोला. वाचकांना बोलावू. वरच्या खोलीतच करू.

वरच्या खोलीत. दुसरं काय सांगायचं राहिलं?

बायकोला कोट इस्त्रीला द्यायला सांगितलं. तिने विचारलं, पुस्तक विनोदी आहे म्हणे? इस्त्रीवालाही म्हणत होता. मी म्हटलं, इस्त्रीवाल्याचं वाचन किती. ती म्हणाली, त्याने वाचलेलं नाही, त्याची दाढ दुखत होती, तिथे ऐकलं.

२ मार्च, शनिवार

डॉक्टरबाई आल्या. आज पहिल्यांदा समोरच्या खुर्चीत बसल्या. एरवी उभ्यानेच बोलतात.

सोमवारी यजमानांची तपासणी आहे. पडदा चिकटला की नाही ते कळेल. चिकटला नसेल तर त्या डोळ्याने पुन्हा दिसायची आशा फारशी नाही. दुसरा डोळा आधीपासूनच अधू. म्हणाल्या, चिडेल, ओरडेल, सगळं चालतं मला. कालपासून तो गप्प आहे. तो गप्प बसलेला मी कधी पाहिला नाही.

मग म्हणाल्या, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय. मी ते थांबवलंय. आज-उद्या वाचून दाखवावं की नको, तुम्ही सांगा. तुम्ही वाचलेलं आहे. शेवट कसा आहे? वाईट असेल तर मी सोमवारनंतर बघते.

मी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. विचारपूर्वक.

मग सांगितलं, शेवट अतिशय काळोखी आहे. थोर, पण काळोखी. मन घट्ट असल्याशिवाय वाचू नये.

त्या उठल्या. म्हणाल्या, बरं झालं विचारलं.

माझ्या मते योग्यच सल्ला. थोर कादंबरीचा शेवट आणखी कसा असणार? प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत ‘अटळ’ असा शब्द आहे. मला नीट आठवतो.

६ मार्च, बुधवार

पडदा चिकटला. चांगली बातमी. अजून सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं, पण दिसतं. डॉक्टरबाई सकाळीच सांगायला आल्या. मी अभिनंदन केलं.

मला वाटलं आभार मानतील. त्या उभ्याच राहिल्या. आवाज अजिबात चढवला नाही, तरी कोशांच्या कपाटाशी उभा असलेला माणूस बाहेर गेला.

म्हणाल्या, काल रात्रीच्या जेवणानंतर शेवटचं प्रकरण वाचलं. सगळ्या पुस्तकात त्याच्यासारखं हसवणारं दुसरं प्रकरण नाही. शनिवार आणि रविवार आम्ही दोघं त्या खोलीत एकमेकांशी न बोलता काढले. मी मासिकातले लेख वाचत होते, त्याला ऐकू येत नव्हतं, मला काय वाचतेय ते कळत नव्हतं. ती पानं माझ्या हाताशी होती. हसायची गरज आम्हाला त्याच दोन दिवसांत होती. तुम्हाला माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं.

मी सांगायला लागलो की विनोदाच्या तळाशीही एक काळोख असतो. त्या म्हणाल्या, तुमच्या उजव्या बाजूच्या मागच्या दाढेच्या तळाशी पण आहे. दाखवून घ्या.

बाई फार भावनाप्रधान. शिवाय सल्ला दिला तेव्हा परिस्थितीच तशी होती. शिवाय मीही चिंतेत होतो. शिवाय प्रस्तावना वाचून कोणालाही तेच वाटलं असतं.

जेवण गेलं नाही. दाढेमुळे असावं.

८ मार्च, शुक्रवार

उद्या भाषण. विषय : ‘ओझं आणि अटळता’.

पुस्तक अजून रेफ्रींकडेच. डॉक्टरबाईंना फोन केला, एक दिवस मिळेल का. त्या म्हणाल्या, हे भिंग लावून पहिल्यापासून स्वतः वाचताहेत, हातातून काढून घेणं शक्य नाही. तुम्हाला कशाला हवं, तुमचं तर पाठ असेल.

माझ्या जुन्या वहीत प्रस्तावनेची टिपणं होती, ती काढली. पुरेशी आहेत. बकरीबद्दल एक परिच्छेद वाढवला. बायको दारात उभी राहून म्हणाली, अजूनही मॅडमना सांगता येईल, बरं वाटत नाही म्हणून. मी म्हटलं, मला उत्तम वाटतंय. ती म्हणाली, ते दिसतंय, आणि पाणी ठेवून गेली.

१० मार्च, रविवार. सकाळ

कालचं शांतपणे लिहून ठेवतो, म्हणजे उगाच गैरसमज नकोत.

खोली भरली. इस्त्रीवालाही आला होता. बायको मागच्या रांगेत. पहिल्या रांगेत डॉक्टरबाई आणि शेजारी तो पालथा गृहस्थ, म्हणजे आता सरळ बसलेला. बुटका, रुंद, एका डोळ्यावर जाळीची वाटी. मांडीवर ‘धुक्याचा वजनकाटा’.

मी बोललो. पंचवीस मिनिटं कोणी हललं नाही. ‘निरीक्षक जगाचं वजन करतो पण स्वतःचं करू शकत नाही’ या वाक्यावर टाळ्या येतील असं वाटलं होतं. आल्या नाहीत. एका बाईंनी शेजारणीला विचारलेलं ऐकू आलं, तेच पुस्तक ना हे?

मग मॅडम म्हणाल्या, प्रश्न. इस्त्रीवाला उठला. म्हणाला, मी पुस्तक वाचलेलं नाही, पण बकरीला शेवटी बढती मिळते का, तेवढं सांगा.

सगळे माझ्याकडे. डॉक्टरबाई माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं, बढती म्हणजे काय, हे आधी पाहायला हवं.

तेव्हा रेफ्री उठले. म्हणाले, सरांचं खूप बोलून झालंय, घसा बसला असेल. त्यांची परवानगी असेल तर मी शेवटची दोन पानं वाचतो, त्यात उत्तर आहे. परवानगी अशी मी दिली नाही, पण मानेची हालचाल झाली असावी.

पुस्तक नाकाला टेकवून, भिंग धरून, अडखळत वाचू लागले. नगरपालिका हुकूम काढते की बंदरावरच्या धुक्याचं वजन करून कर बसवावा. शिपाई पोत्यांत धुकं भरतात. निरीक्षक एकेक पोतं काट्यावर ठेवतो आणि दाखला लिहितो : माल धुकं, वजन पोत्याइतकंच, शेरा, पोती मालकांना परत करावीत. दाखला सहीसाठी न्यायाधीश बकरीपुढे ठेवतात. ती तो वाचल्यासारखं करते आणि खाते. नगराध्यक्ष उभे राहून जाहीर करतात की निकाल कायम झाला.

लोक असे हसले की खिडकीची काच वाजली. मॅडमनी डोळे पुसले. बाइंडर काका खुर्चीवरून खाली सरकले. माझ्या तोंडूनही एक आवाज निघाला. खोकला असावा.

नंतर सगळे निघताना रेफ्रींनी माझा दंड धरला. पकड मजबूत. हळू आवाजात म्हणाले, एकसष्टाव्या पानाच्या पुढे तुम्ही गेलेला नाहीत हे मला उशीत तोंड असतानाच कळलं होतं. तिथे तुमची खूण होती, बसचं तिकीट. त्याच्यापुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती, ही ती सोडवायची त्याचा आवाज मला ऐकू यायचा.

मी काही बोलणार होतो. ते म्हणाले, राहू दे. मी रेफ्री होतो. फाऊल दिसला म्हणून दर वेळी शिट्टी वाजवलीच पाहिजे असं नसतं. तुम्ही थाप मारली नसतीत तर हे पुस्तक माझ्या घरी आलंच नसतं. पण तो शनिवार-रविवार मात्र मी विसरणार नाही.

मग बायकोचा हात धरून जिना उतरले. एकेक पायरी चाचपत.

एकूण कार्यक्रम यशस्वी. उपस्थिती उत्तम.

१३ मार्च, बुधवार

खोली हसरीला दिली.

मॅडमनी बोलावून सांगितलं. म्हणाल्या, लोक त्यांनाच विचारतात, सर. त्या ‘मला नाही माहीत, बघून सांगते’ असं म्हणतात आणि खरंच बघून सांगतात. मी म्हटलं, हा काही गुण नव्हे. मॅडम म्हणाल्या, संदर्भ विभागाला नवीन ट्यूबलाइट हवी होती ना, ती मंजूर केलीय.

हसरीने वर जाताना माझ्या टेबलाशी थांबून विचारलं, सर, तुम्हाला मनापासून काय आवडतं वाचायला? कार्डासाठी नाही, अशीच विचारतेय. मी सांगणार होतो. लगेच एकही नाव आठवेना. त्या हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

संकल्प : आता ‘धुक्याचा वजनकाटा’ पूर्ण वाचायचा. कोणासाठी नाही. काउंटरवर जाऊन नाव लिहिलं. माझ्या आधी इस्त्रीवाला आहे. मॅडम आहेत. वॉचमन आहे. मी म्हटलं, मी कर्मचारी आहे. नव्या काउंटरवाल्याने वर बघितलंही नाही. म्हणाला, वॉचमनपण आहे.

२४ मार्च, रविवार. दुपार

पुस्तक आमच्या घरात आलंय. माझ्या नावावर नाही. बायकोने यादीत सगळ्यांत वर नाव लिहिलं होतं, तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं. मला बोलली नव्हती.

जेवणानंतर ती आतल्या खोलीत घेऊन गेली. दार नुसतं लोटलेलं. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो. बराच वेळ काहीच आवाज नाही. म्हटलं, झोपली. पहिली साठ पानं तशीच आहेत.

मग हसली. एकदा, आतल्या आत. जरा वेळाने पुन्हा, मोठ्याने. असं हसताना तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं, हिशेब लागेना.

उठून दाराशी गेलो. दार ढकललं. ती भिंतीला टेकून बसली होती, पदराने डोळे टिपत होती. मला पाहून तिने पान बोटाने धरलं आणि म्हणाली, अहो, हे इथलं. हे तुम्हाला आठवतं का?

मी म्हटलं, हो. आठवतं.

वाचून दाखवायला पुस्तक अर्धं माझ्याकडे वळवलं होतं, ते तिने परत स्वतःकडे वळवलं. म्हणाली, मग राहू दे.

बाहेर येऊन बसलो. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, सरळ केलं. आत ती पुन्हा हसतेय.